गिरनारला पहिल्यांदा निघालात? मग एवढं ऐका

गुजरातेत जुनागढजवळच्या या दत्तस्थानाच्या डोंगरावर रोपवे आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 2020 साली सुरू झालेला हा रोपवे वाटेतल्या अंबाजीच्या देवळापर्यंतच नेतो, म्हणजे साधारण निम्म्या पायऱ्या वाचतात. पुढे गोरखनाथांचं शिखर चढायचं, तिथून बऱ्याच पायऱ्या उतरायच्या आणि दत्तपादुकांसाठी पुन्हा खडी चढण. येताना हेच सगळं उलटं! गुडघे बोलायला लागतात ते तेव्हा. तळेटीला, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, काठी मिळते, ती घ्याच. तरुण असलात तरी. वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात, त्यामुळे पायी उतरायची तयारी हवी. पूर्ण पायीच जाणार असाल तर रात्रीच चढायला लागा, उन्हात दगड तापतात. आणि सोमवार साधला तर दत्तशिखराखालच्या कमंडलू कुंडावर त्या दिवशी पेटणारी धुनी चुकवू नका. प्रसादही तिथेच घ्या.