रिव्ह्यू राहू द्या, आधी तुमचं उत्तर काढा

प्रश्न: गुहागरजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, स्वयंपाक मीच करते. मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब दोन रात्री राहून गेलं. घरी पोचल्यावर त्यांनी गूगलवर एक स्टार दिला : ‘सुरमई शिळी, खोलीला कुबट वास, मुलाला रात्रभर उलट्या, मालकीण उर्मट.’ त्याच पंगतीत आणखी दहा जण जेवले होते, कुणाला काही झालं नाही. माझं डोकंच फिरलं. मी खाली लिहिलं की हे लोक दारू पिऊन गोंधळ घालत होते, फुकटे आहेत, पैसे परत मिळावेत म्हणून खोटं लिहितात. सोबत त्यांचा फोन नंबरही दिला. इतरांनी सावध व्हावं म्हणून त्यांच्या आधारकार्डाचा फोटो आमच्या फेसबुक पेजवर आणि होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. आता वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत जाहीर माफी आणि ५ लाख रुपये. मीच उलट त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावू शकते का? शिवाय जेवणाच्या खोलीत ‘५ स्टार द्या, सोलकढी फुकट’ अशी पाटी आहे आणि भाच्याने दोन-तीन अकाउंटांवरून चांगले रिव्ह्यू टाकलेत. त्याचा काही त्रास होईल का?

उत्तर: ताई, दावा नंतर बघू. आधारचा तो फोटो आज रात्री उतरवा. फोन नंबर आणि ‘फुकटे’वालं उत्तरही काढा. मात्र काढण्याआधी सगळ्याचे तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पुढे कधीतरी ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ म्हणायचा मोह होतो. समोरच्या वकिलाकडे त्याची प्रत आहे हे धरूनच चाला. ग्रुपवरही एक ओळ टाका : ‘तो फोटो कुणी जपून ठेवला असेल तर कृपया काढून टाका.’ तुम्ही सावरायचा प्रयत्न केलात याचा तो पुरावा होईल.

घाई एवढ्यासाठी की तुमची सर्वांत कमकुवत बाजू हीच आहे. पाहुण्याने ओळखपत्र दिलं ते तुमच्या नोंदवहीसाठी. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये थेट ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून नोंदलेली आहे. आधार क्रमांक जाहीरपणे टाकायला आधार कायद्याच्या कलम २९ ने मनाई केली आहे, ते वेगळंच. सुरमई ताजी होती की शिळी यावर दोन तास वाद घालता येईल. या फोटोवर दोन मिनिटंही घालता येणार नाही.

‘दारू पिऊन गोंधळ’ हे वाक्यही तसंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली ती बदनामी ठरू शकते. फौजदारी खटल्यात ‘खरं होतं’ एवढं म्हणून सुटका नाही. खरं होतं आणि सांगणं लोकहिताचं होतं, हे दोन्ही दाखवावं लागतं. त्या रात्री शेजाऱ्यांनी तक्रार केली होती? तुम्ही पोलीसपाटलांना फोन केला होता? पत्रात तसं काही नाही, म्हणजे बहुधा नसावं.

आता तुमचा दावा. लावता येईल का, तर येईल. लावावा का, तर माझ्या मते नाही. ‘कुबट वास’, ‘उर्मट’ ही राहून गेलेल्या माणसाची मतं झाली, आणि पैसे मोजून आलेल्या माणसाला मत सांगायचा हक्क आहे. ‘मुलाला उलट्या झाल्या’ हे मात्र विधान आहे, ते खरं किंवा खोटं असू शकतं. त्यांच्याकडे पुण्यातल्या डॉक्टरचा कागद निघाला तर तुमचा दावा तिथेच आडवा. मासळी ताजी होती हे सिद्ध कशाने करणार? जेटीवर मासे घेताना पावती कोण देतो! पोलीस ठाण्यातही जाऊ नका. बदनामी दखलपात्र गुन्हा नाही, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत; तक्रार थेट दंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते. दिवाणी दाव्याला रिव्ह्यू प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, तेव्हा आज पत्ते उघडायची गरज नाही.

गूगलला पत्र लिहून रिव्ह्यू निघेल अशी आशाही धरू नका. श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच अशा कंपनीवर मजकूर काढायचं कायदेशीर बंधन येतं. त्यांच्याच नियमांचा भंग असेल तर तक्रार करता येते, पण कडू मत हा भंग नव्हे.

तुमच्याकडे सोनं आहे ते त्या दहा जणांत. नोंदवहीतली नावं आणि यूपीआयने आलेले पैसे जुळवा, दोघा-तिघांना नम्रपणे विचारा : ‘त्या रात्री तुम्हाला काही त्रास झाला का?’ उत्तर व्हॉट्सॲपवर आलं तर तो फोन विकू नका, बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तो मजकूर कोणत्या फोनमधून आणि कसा काढला हे सांगणारा कागद. नुसता स्क्रीनशॉट छापून नेलेले अशील मी दर महिन्याला परत पाठवते.

नोटिशीतले १५ दिवस त्या वकिलाने घातलेले आहेत, कायद्याने नाहीत. तरी उत्तर मुदतीतच द्या, चिपळूण-रत्नागिरीकडच्या वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने. खासगी माहिती आणि शब्दांबद्दल स्वच्छ दिलगिरी, जेवणाबद्दलचा आरोप अमान्य, ५ लाखांची मागणी अमान्य, आणि ‘आमचे हक्क अबाधित ठेवून’. दिलगिरी मोघम नको. ती चूक कागदावर आहेच, नाकारून काय मिळणार?

मला भीती नोटिशीची नाही, पुढच्या पाकिटाची आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो, म्हणजे तारखेला तुम्ही पुण्याला. खोलीचं भाडं ५ लाखांच्या आत असल्याने त्यांना शुल्कही पडणार नाही. आयोगाची नोटीस आली की लेखी म्हणण्याला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव. त्यापुढे एकही दिवस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलं आहे. माझ्या एका अशिलाने असं पाकीट ‘गणपती झाल्यावर बघू’ म्हणून फ्रीजवर ठेवलं होतं. पुढे त्याची बाजू ऐकून घ्यायला कागदच नव्हता.

भाच्याचे रिव्ह्यू मी उघडून पाहिले. तिन्ही ठिकाणी ‘अप्रतीम’ दीर्घ लिहिलंय. मला दिसलं ते समोरच्या वकिलाला दिसणार नाही का? विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत बंदी आहे, आणि तुम्ही ॲपवरून बुकिंग घेता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. ते चार खोल्यांच्या होमस्टेवर उद्या धाड घालेल असं मी म्हणत नाही. पण ‘बाई स्वतःच खोटे रिव्ह्यू लिहून घेते’ हे आयोगापुढे आलं की तुमचे दहा खरे साक्षीदारही खोटे वाटायला लागतात. भाच्याला ते आजच काढायला सांगा.

पाटीवरचे ‘५ स्टार’ खोडा. सोलकढी सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको. अभिप्रायाच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमांतही बसत नाही. ‘कसं वाटलं ते लिहून जा’ एवढं पुरे. खरं तर जेवणानंतर वही पुढे केलीत तर कुबट वासाची तक्रार गूगलवर जायच्या आधी तुमच्या हातात येईल. (आणि कोकणातल्या दमट हवेत बंद खोलीला वास येतोच, गाद्या उन्हात टाका.)

जुन्या उत्तराच्या जागी हे टाका, तुमच्या वकिलाला दाखवून :

‘नमस्कार. तुमचा मुक्काम चांगला झाला नाही आणि मुलाला बरं नव्हतं हे वाचून वाईट वाटलं. माझ्या आधीच्या उत्तरातले शब्द आणि तुमची माहिती देणं चुकीचं होतं, ते काढलं आहे. बाकी तक्रारीबद्दल तुमच्याशी थेट बोलायची तयारी आहे.’

‘आमच्या जेवणामुळे’ हे दोन शब्द यात कुठेही येऊ देऊ नका. ती कबुली होईल. त्यावर त्यांनी काहीही लिहिलं तरी दुसरं उत्तर देऊ नका. नोटिशीचं पाकीटही फेकू नका, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून ती तुम्हाला कधी मिळाली ते ठरेल.