रेकॉर्डिंग ऐकताना झोप लागते? सराव कळांच्या मापाने करा

गरोदरपणाचा तिसावा आठवडा चालू आहे, बाळंतपणाच्या कळा सोसायला सोप्या जाव्यात म्हणून रोज रात्री अर्ध्या तासाचं संमोहनाचं रेकॉर्डिंग लावता आणि पाचव्या मिनिटाला झोपता. "हे आत कुठेतरी उतरतंय की फुकट चाललंय?" हा तुमचा प्रश्न ओळखीचा आहे, अगदी शब्दासकट. झोप लागते तर लागू द्या, गरोदरपणात ती मिळते कुठे. फक्त तिला सराव म्हणू नका. संमोहनात लक्ष एका जागी गोळा झालेलं असतं, झोपेत ते सुटलेलं असतं. सुटलेल्या लक्षाची कितीही सवय केली तरी कळ आल्यावर ती कामाला येत नाही.

श्वास, अंग सैल सोडणं, उलटे आकडे मोजणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. (चार मोजत आत, सहा ते आठ मोजत बाहेर. ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार भरभर चाललाय, एवढं लक्षात ठेवा.)

खरी अडचण मापाची आहे. रेकॉर्डिंग २५-३० मिनिटांचं असतं. ऐन भरातली कळ साधारण ४० ते ६० सेकंदांची, आणि दहा मिनिटांत तीन ते पाच. रेकॉर्डिंगमधल्या कल्पनेतला जिना उतरून बागेत पोचेपर्यंत कळ येऊन गेलेली असते आणि दुसरी दारात उभी असते. म्हणून लांब सरावाचं काम माझ्या मते एकच: खूण पक्की करणं, म्हणजे ती केली की अंग लगेच सैल व्हावं. अंग सर्वात सैल असेल त्या क्षणी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबा, लांब श्वास सोडा, मनात एकच ठरलेला शब्द म्हणा. सोबत राहणाऱ्या व्यक्तीची वेगळी खूण हवी: खांद्यावर हात ठेवून तो तुमच्या सुटत्या श्वासाबरोबर दंडावरून खाली आणणं. रोज तीच जागा, तोच दाब, तोच शब्द. आणि हे दिवसा, टेकून बसून करा, म्हणजे डोळा लागणार नाही.

खूण बसली की रेकॉर्डिंग बंद. आधी बसून पाच मिनिटं, मग उभ्याने, मग डोळे उघडे ठेवून चालता चालता. त्यानंतर बर्फ: तळहातात एक मिनिट धरायचा, दोन मिनिटं विश्रांती, अशा तीन-चार फेऱ्या. पहिली फेरी खुणेशिवाय, पुढच्या खुणेसह. मिनिटापेक्षा जास्त धरू नका, आणि हाताला बधिरपणा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल तर हा प्रकार वगळा. बर्फाचं दुखणं कळेसारखं मुळीच नसतं. त्यातून शिकायचं असतं ते सुरुवात, चढ, उतार आणि मधल्या दोन मिनिटांत पुन्हा सैल होणं. बहुतेकींचं बिनसतं ते या मधल्या वेळात. कळ गेलेली असते, पण जबडा आणि खांदे पुढच्या कळेसाठी आवळलेलेच राहतात आणि थकवा साचत जातो.

आता ज्याची सर्वात मोठी किंमत पडते ते. ज्या वर्गात आम्ही हे शिकलो त्याचं नाव घेत नाही. मंद दिवा, गादी, शांतता, सगळं सुंदर. "ड्रिप (कळा वाढवण्यासाठी शिरेतून देतात ते औषध) लागली तर? सीझर ठरलं तर?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: नकारात्मक विचार मनात आणू नका. पैसे मात्र पूर्ण आगाऊ. लेबर रूम अशी नसते. तिथे डोक्यावर दिवा असतो, पोटावर बाळाच्या ठोक्यांचा पट्टा असतो, मधेच कोणी जन्मतारीख विचारतं, सुई टोचतात, आतून तपासणी होते. शांततेतच शिकलेलं मन पहिल्याच व्यत्ययाला बाहेर फेकलं जातं आणि "माझं बिघडलं" या घाबरण्याने परत जाता येत नाही.

यावर उपाय म्हणजे व्यत्ययाचीच तालीम. तुम्ही आत, म्हणजे संमोहनात, असताना सोबतीच्या माणसाने दिवा लावावा, फोन वाजवावा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधावा, पत्ता विचारावा. तुम्ही उत्तर द्यायचं, खूण करायची, परत जायचं. सूचनेतच, म्हणजे संमोहनात स्वतःला सांगायच्या वाक्यातच, हे घाला: "कोणी बोललं तर उत्तर देईन आणि पुढच्या श्वासाला परत आत येईन." आतल्या तपासणीसाठी वेगळी सूचना करा: जबडा सैल, श्वास बाहेर, आणि नको वाटलं तर "थांबा" म्हणायचं. ड्रिपची सूचनाही आधीच हवी, कारण ड्रिपवर कळा जवळजवळ येऊ शकतात आणि हळूहळू चढायची उसंत कमी मिळते. सीझरची पण करा: टेबल, पडदा, कमरेतली सुई, श्वास तोच. विचार केल्याने सीझर होत नाही, हे मी लिहून देते.

"दुखणार नाही" ही सूचना मी कधीच देऊ देणार नाही. पहिली जोरकस कळ आली की ती खोटी ठरते आणि तिच्याबरोबर बाकीच्या सगळ्या सूचनांवरचा भरवसा जातो. "कळ येईल, चढेल, उतरेल, मी सैल राहीन" हे टिकतं. हात बधिर झाल्याची कल्पना करून तो बधिरपणा कमरेवर उतरवणं काहींना छान जमतं, काहींना अजिबात नाही. संमोहनाला मिळणारा प्रतिसाद माणसागणिक वेगळा असतो. आठवडाभरात जमलं नाही तर सोडून द्या.

अपेक्षेबद्दलही थोडं. डेन्मार्कमध्ये १,२२२ जणींवर झालेल्या आणि २०१३ साली छापून आलेल्या चाचणीत स्वसंमोहन शिकलेल्यांमध्ये एपिड्यूरल (कळांचं दुखणं कमी करायला कमरेतून देतात ती भूल) कमी लागलं नाही, पण बाळंतपणाचा अनुभव त्यांनी अधिक चांगला सांगितला. ब्रिटनच्या २०१५ च्या चाचणीतही (६८० जणी) एपिड्यूरलमध्ये ठळक फरक नव्हता, मात्र बाळंतपणानंतर भीती आणि चिंता जेवढी असेल असं वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघाली. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारा अभ्यास) नऊ चाचण्या मिळून वेदनाशामकं एकूण थोडी कमी दिसली, एपिड्यूरल नाही. तेव्हा "एपिड्यूरल टाळायचं" हे लक्ष्य ठेवलंत तर हिरमोड व्हायची शक्यता बरीच. भीती कमी करायची असेल तर मेहनत योग्य जागी लागते. एपिड्यूरल घेतलं तरी खूण चालूच ठेवता येते, सुई देताना स्थिर बसायला तर ती फारच उपयोगी.

सोबतीच्या माणसाला दोन कामं पक्की सांगा. शांत दिसणाऱ्या बाईला "अजून वेळ आहे" म्हणून परत पाठवलं जातं. म्हणून दाखल होताना "ती ठीक आहे" असं न सांगता आकडे सांगायचे: तासाभरापासून दर तीन मिनिटांनी, पन्नास सेकंद. आणि "दहापैकी किती दुखतंय?" असं कोणी विचारलं तर प्रश्न दोन कळांच्या मधे विचारायची विनंती करायची. आकडा शोधायला मन थेट दुखण्याकडेच जातं.

मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा वरचा. रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणं, अंगावरून हिरवट किंवा दुर्गंधी येणारं पाणी जाणं, ताप, तीव्र डोकेदुखी किंवा नजर अंधुक होणं, दोन कळांच्या मधेही न सुटणारं दुखणं: यातलं काहीही श्वासाने निभावत घरी बसायचं नाही. पूर्वी अत्याचार किंवा मोठा आघात झाला असेल, मनोविकाराचा त्रास असेल, तर आधी त्या तज्ज्ञांशी बोला. अंगभर लक्ष फिरवताना जुनं काहीतरी अचानक वर येऊ शकतं. आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपताना पाठीवर नको, कुशीवर वळा. तुम्हाला तर रेकॉर्डिंग लावलं की झोप लागतेच.

एक किरकोळ: ऐन वेळी कुठलाही आवाज नकोसा होऊ शकतो, आजवर आवडलेला सुद्धा. फोनमध्ये रेकॉर्डिंग आधीच उतरवून ठेवा, एकाच कानात लावा म्हणजे नर्स काय म्हणतेय ते ऐकू येईल, आणि कानातून काढून टाकलं तर सोबतीच्या माणसाने ते परत लावायला जाऊ नये.