पाहुणे निवडणारी जाहिरात

प्रश्न : पर्यटनस्थळांच्या जाहिरातींत तिथला निसर्ग किंवा इतिहास यांपेक्षा तोकड्या कपड्यांतल्या तरुणी आणि द्व्यर्थी ओळीच अधिक दिसतात. क्षणभर लक्ष वेधण्यापलीकडे अशा जाहिरातींचा त्या स्थळाच्या नावलौकिकावर काही परिणाम होतो का, की मोहीम संपली की लोक ती विसरून जातात?

उत्तर : मोहीम विसरली जाते, तिने जागवलेली अपेक्षा मात्र टिकून राहते. पर्यटनाचे अभ्यासक क्लेअर गन यांनी १९७२ मध्ये स्थळाच्या प्रतिमेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. बातम्या, शालेय पुस्तके, ओळखीच्यांनी सांगितलेले अनुभव यांतून आपोआप रुजते ती एक, आणि पर्यटन मंडळे व प्रवासी कंपन्या जाणीवपूर्वक रुजवतात ती दुसरी. व्यवहारात दुसरी हळूहळू पहिलीत मिसळून जाते, कारण जाहिरात पाहून आलेला प्रवासी परत गेल्यावर जे सांगतो, तेच पुढच्या माणसाच्या दृष्टीने ओळखीच्याचा भरवशाचा अनुभव ठरते.

सूचक जाहिरातीचे बळ यात आहे की ती उघडपणे काहीच सांगत नाही. अर्धे वाक्य ती सोडून देते आणि उरलेले पाहणारा स्वतःच्या मनात पूर्ण करतो. दुसऱ्याने केलेल्या दाव्याची माणूस शंका घेतो, पण स्वतः काढलेल्या निष्कर्षाची सहसा घेत नाही. शिवाय जाहिरात देणाऱ्याला ‘आम्ही असे म्हटलेच नव्हते’ असे सांगण्याची वाट मोकळी राहते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. जाहिरात पाहुणे निवडते. जे सूचित केले जाते त्याच्या ओढीने एका प्रकारचे लोक येऊ लागतात, त्यांच्या मागणीप्रमाणे मद्यालये, मार्गदर्शक आणि दलाल आपला व्यवसाय बेततात, आणि मुलाबाळांसह किंवा संग्रहालये पाहण्यासाठी येऊ इच्छिणारे दुसरीकडे वळतात. सुरुवातीला जे केवळ चित्र होते ते काही वर्षांत रस्त्यावरचे वास्तव बनते, आणि मग त्या गावाची ‘ख्याती’ खरी असल्याचा पुरावा म्हणून तेच वास्तव दाखवले जाते.

ब्राझीलचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. एम्ब्रातूर ही तिथली सरकारी पर्यटन संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली आणि पुढे बराच काळ तिच्या परदेशांतील प्रचारसाहित्यात समुद्रकिनाऱ्यावरील बिकिनीधारी स्त्रिया आणि कार्निव्हलमधील नर्तकी यांना मध्यवर्ती स्थान होते. त्या चित्रांनी पर्यटक आणले, तसेच लैंगिक हेतूने होणाऱ्या पर्यटनाचे ठिकाण अशी ओळखही घट्ट केली. नंतर संस्थेने धोरण बदलले आणि शोषणाविरोधी मोहिमांत भाग घेतला. तरीही फेब्रुवारी २०१४ मध्ये, फुटबॉल विश्वचषकाच्या आधी, आदिदास कंपनीने ब्राझीलच्या नावाला लैंगिक अर्थ जोडणारे दोन टी-शर्ट विक्रीला काढले. एम्ब्रातूरने तीव्र निषेध केल्यावर कंपनीने ते मागे घेतले. संस्थेने स्वतः ती प्रतिमा वापरणे सोडून दिले होते. बाहेरच्या उद्योगाला मात्र ती आयती उपलब्ध होती.

इथे एका अन्यायाकडे लक्ष वेधल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अशा जाहिराती ज्यांच्या नावाने आश्वासन देतात त्यांना कोणी विचारलेले नसते. जमैकाच्या पर्यटन मंडळाच्या १९७२ च्या गाजलेल्या भित्तिचित्रात ओला टी-शर्ट घातलेली तरुणी आहे आणि तिच्या छातीवर त्या देशाचे नाव छापलेले आहे. ती मॉडेल मूळची त्रिनिदादची होती. म्हणजे ज्या देशाची ओळख म्हणून ते शरीर जगभर लावले गेले, ते त्या देशातलेही नव्हते. पण त्या चित्राने जागवलेल्या नजरेला सामोरे जाण्याची वेळ येते ती जमैकातील हॉटेलांत, दुकानांत आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्या स्त्रियांवर. डेन्मार्कमध्ये २००९ साली हाच आक्षेप उघडपणे घेतला गेला. तिथल्या पर्यटन संस्थेने एक चित्रफीत प्रसारित केली होती, जिच्यात एक तरुणी तान्ह्या बाळाला घेऊन, एका रात्रीच्या ओळखीनंतर निघून गेलेल्या परदेशी पर्यटकाचा, म्हणजे बाळाच्या वडिलांचा, शोध घेते. ती अभिनेत्री होती आणि कथा रचलेली होती. देशाचा मोकळेपणा दाखवणे हा आपला हेतू होता, असे संस्थेचे म्हणणे होते. डॅनिश स्त्रिया सहज उपलब्ध आहेत असा अर्थ त्यातून निघतो, ही टीका झाली आणि काही दिवसांतच चित्रफीत काढून घ्यावी लागली.

प्रश्न : लास व्हेगासने तर याच मार्गाने जगभर नाव कमावले. मग हा मार्ग चुकीचा कसा म्हणायचा?

उत्तर : लास व्हेगासचे यश नाकारता येणार नाही, परंतु त्याची कारणे नीट पाहिली पाहिजेत. १९९० च्या दशकात त्या शहराने कौटुंबिक सहलींचे ठिकाण होण्याचा प्रयत्न केला. १९९३ मध्ये उघडलेल्या एमजीएम ग्रँड हॉटेलसोबत मनोरंजन उद्यानही होते. ते रूप तिथल्या जुगारगृहांच्या अर्थकारणाशी जुळले नाही, आणि २००३ मध्ये ‘इथे जे घडते ते इथेच राहते’ या आशयाचे प्रसिद्ध घोषवाक्य आले. म्हणजे तिथे प्रौढांच्या मौजमजेचा व्यवसाय अनेक दशके आधीपासून उभा होता; जाहिरातीने आहे त्यालाच नाव दिले, आणि बहुतेक चित्रफितींत शरीर न दाखवता केवळ एखाद्या प्रसंगाची सूचना दिली. तरीही अशा सूचनेतून पसरणाऱ्या गैरसमजाला तिथेही आवर घालता आलेला नाही. वेश्याव्यवसाय नेवाडा या त्याच राज्यातील काही ग्रामीण काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, कायदेशीर असला, तरी लास व्हेगासमध्ये तो बेकायदा आहे; अनेक पर्यटक मात्र तो तिथे चालतो असे गृहीत धरूनच येतात.

लिथुआनियाची राजधानी विल्नियस हिची गोष्ट निराळी आहे. हे शहर नकाशावर नेमके कुठे आहे हेच परदेशांत पुष्कळांना ठाऊक नव्हते, म्हणून २०१८ मध्ये ‘युरोपचा जी-स्पॉट’ (स्त्रीशरीरातील, सहज न सापडणारा म्हणून ओळखला जाणारा कामसुखाचा बिंदू) अशी मोहीम काढण्यात आली. पोपच्या भेटीच्या थोडेच आधी ती आल्यामुळे चर्चकडून नाराजी व्यक्त झाली, जगभर बातम्या झाल्या आणि शहराचे नाव अनेकांच्या कानांवर पडले. नाव पोहोचवण्याचे काम तिने केले, हे मान्य करावे लागेल. पण १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या तिथल्या जुन्या नगराविषयी त्या ओळीतून काहीच कळत नाही. ती ओळ दुसऱ्या कोणत्याही अल्पपरिचित शहराला लावता आली असती, आणि जाहिरात म्हणून मला हाच तिचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

प्रश्न : एकदा चिकटलेली अशी प्रतिमा पुसता येते का?

उत्तर : नव्या जाहिरातीने पुसली जात नाही, असेच दिसते. ॲमस्टरडॅमने मार्च २०२३ मध्ये १८ ते ३५ वयोगटातील ब्रिटिश पुरुषांना उद्देशून ‘दूर राहा’ अशी मोहीम सुरू केली. लग्नाआधीच्या मित्रमेजवानीसाठी किंवा मद्यालयांच्या फेरीसाठी इंटरनेटवर त्या शहराचा शोध घेणाऱ्याला अटक, दंड आणि रुग्णालय दाखवणाऱ्या चित्रफिती समोर येत. पाहुण्यांना येऊ नका असे सांगण्यासाठी एका शहराला सार्वजनिक पैसा खर्च करावा लागला. त्याआधी, २०२० पासून, वेश्यावस्तीतील खिडक्यांसमोरून पर्यटकांचे गट फिरवण्यास तिथे बंदी घालण्यात आली होती, आणि मला हा उपाय अधिक परिणामकारक वाटतो, कारण प्रतिमेवर पोसलेल्या व्यवसायालाच त्याने हात घातला.

स्पेनच्या बालेआरिक बेटांनीही हाच मार्ग धरला. जानेवारी २०२० च्या हुकमाने मागालुफ, प्लाया दे पाल्मा आणि सांत अँटोनी या भागांत मद्यालयांच्या सामूहिक फेऱ्या आणि स्वस्त मद्याच्या सवलती बंद करण्यात आल्या, आणि मौजमजेच्या बोटींच्या जाहिरातीही त्यात आल्या. विक्री आणि तिची जाहिरात यांना एकाच आदेशात आणले, ही त्या निर्णयातली शहाणपणाची बाजू होय.

प्रश्न : अशी जाहिरात दिसल्यास सामान्य माणसाने काय करावे?

उत्तर : ज्या देशात ती प्रसिद्ध झाली असेल तिथल्या जाहिरात मानक संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ब्रिटनमध्ये १९९५ साली तरुणांच्या सहली विकणाऱ्या ‘क्लब १८-३०’ या कंपनीच्या द्व्यर्थी भित्तिफलकांविरुद्ध शेकडो तक्रारी आल्यानंतर ते हटवण्याचा आदेश निघाला होता. जाहिरात सरकारी पर्यटन मंडळाची असेल, तर जागतिक पर्यटन संघटनेने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या नीतिसंहितेचा आधार घेता येतो. माणसांचे, विशेषतः लैंगिक, शोषण पर्यटनाच्या मूळ उद्देशांच्या विरोधात आहे, असे तिच्या दुसऱ्या कलमात म्हटले आहे. तक्रारीत केवळ ‘अश्लील’ असे लिहून थांबू नये. जाहिरात कोणाच्या वतीने काय सुचवते आणि त्या ठिकाणच्या कोणत्या माणसांना त्याचा त्रास होऊ शकतो, हे नेमके लिहावे.