वाचकांचे प्रश्न : २०२० चे ऑस्कर

प्रश्न : २०२० च्या ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नऊ नामांकने होती. ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाला मिळालेला पुरस्कार आपल्याला योग्य वाटतो का? अन्याय कोणावर झाला?

उत्तर : निःसंशय योग्य वाटतो. इंग्रजीव्यतिरिक्त अन्य भाषेतील चित्रपटाला हा मान प्रथमच मिळाला. पण हे बाजूला ठेवले, तरी माझे मत बदलणार नाही. मुसळधार पावसाच्या रात्री श्रीमंतांच्या बंगल्यातून निसटलेले गरीब कुटुंब जिन्यांमागून जिने उतरत राहते, त्याच उतारावरून पाणी वाहत जाते आणि शेवटी त्यांच्याच अर्ध्या तळघरातल्या घरात शिरते. बंगल्यातल्यांना तोच पाऊस फार तर सहलीचा विरस करणारा. वर्गभेद इतक्या नेमकेपणाने, एकही भाषण न करता, मी क्वचितच पाहिला आहे. तरीही त्यातील एकाही कलावंताला अभिनयाचे नामांकन मिळू नये, याची मला खंत वाटते. सोंग कांग-हो यांनी साकारलेला त्या कुटुंबातला बाप त्या यादीत हवाच होता.

‘१९१७’ हा युद्धपट अखंड एका दृश्यासारखा भासतो आणि रॉजर डीकिन्स यांना छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला तो रास्तच; मात्र मन त्या तंत्रातच गुंतून राहते. ‘जोकर’मध्ये वाकीन फीनिक्स यांच्या अभिनयापुढे पटकथा तोकडी पडते.

खरा अन्याय झाला तो ‘द आयरिशमन’ या वृद्ध गुंडाच्या आठवणींवरील चित्रपटावर. दहा नामांकने मिळूनही तो रिकाम्या हाती परतला. त्याच्या लांबीबद्दल अनेकांची तक्रार आहे. परंतु म्हातारपणाचे एकाकीपण मनात मुरायला तेवढा अवधी आवश्यकच होता, असे मला वाटते.