भट्टीपाशी : सोमवारचा ताप, केडीएमचा डाख आणि ओलं भंगार

प्रश्न : माझे मिस्टर पितळेच्या घंटा आणि समया ओतणाऱ्या छोट्या कारखान्यात मुशीवर, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यापाशी असतात. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी रात्री हमखास हुडहुडी भरून ताप येतो. मंगळवारी सकाळी अंग मोडलेलं असतं, तरी कामावर जातात आणि मग आठवडाभर काही होत नाही. मलेरियाची तपासणी दोनदा केली, काही निघालं नाही. मालक म्हणतात दूध प्या, गूळ खा. सासूबाईंना वाटतं नजर लागते. हे काय असेल?
— एक वाचक, भंडारा

उत्तर : ताई, मी डॉक्टर नाही. 31 वर्षं ओतकामात काढली, त्यातली शेवटची 12 फोरमन म्हणून. पण तुमच्या पत्रातला 'सोमवार' वाचला आणि मला माझीच गोष्ट आठवली. आमच्या शॉपला सुट्टी सोमवारी असायची, त्यामुळे आमच्याकडे हा ताप मंगळवारी रात्री यायचा. नवखा होतो तेव्हा मला मलेरियावरच्या क्लोरोक्विनच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. सकाळी घाम येऊन ताप उतरला आणि श्रेय गोळ्यांना गेलं.

हा जस्ताच्या धुराचा ताप असावा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं 1,085 अंशाला वितळतं. जस्त मात्र 907 अंशाला चक्क उकळतं. पितळ ओतायचं तर 1,000 च्या वर न्यावंच लागतं, म्हणजे मुशीतून जस्ताची वाफ निघत राहणारच. ती हवेला लागली की जळते, हिरवट पांढरी ज्योत दिसते आणि वर पांढरा धूर. मिस्टरांना विचारा, छताच्या कैच्यांवर कापसासारखे पुंजके लोंबतात का, आणि संध्याकाळी मिशीवर पांढरं बसतं का. तेच जळालेलं जस्त.

हा धूर इतका बारीक असतो की थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातो. चार ते दहा तास काहीच होत नाही, म्हणून कोणी त्याचा संबंध भट्टीशी जोडत नाही. मग तोंडाला गोडसर, नाणं चघळल्यासारखी चव येते, घसा कोरडा पडतो, बिडी बेचव लागते आणि रात्री दोन गोधड्या घेऊनही दात वाजतात. एक-दोन दिवसांत सगळं ओसरतं. रोज धूर घेतला की शरीर त्याला सरावतं, एक-दोन दिवसांच्या सुट्टीत तो सराव मोडतो आणि पहिल्या हीटला, म्हणजे मूस पहिल्यांदा तापली की, पुन्हा पहिले पाढे. सासूबाईंना सांगा, नजर लागली असती तर तिनं वार पाळला नसता.

दुधाचं म्हणाल तर दूध जातं पोटात आणि धूर जातो छातीत. मालकांनी दूध जरूर द्यावं, अंगाला लागेल, पण धुराचा हिशेब त्यानं फिटत नाही. रुमाल बांधूनही नाही. त्याच्या विणीतून हा धूर सरळ आत येतो. एन-95 किंवा त्याच्या तोडीचा मास्क हवा, तोही नाकाशी घट्ट बसणारा, आणि दाढीचे खुंट वाढले असतील तर तो बसत नाही.

खरा उपाय मुशीपाशीच आहे. आमच्याकडे भट्टीवर मोठा पत्र्याचा हूड होता, बरोबर कामगाराच्या डोक्यावर. धूर वर जायचा खरा, पण आधी आमच्या नाकावरून. पुढे कुणीतरी शहाणपणानं ओढणारं तोंड मुशीच्या कडेला, तिच्याच उंचीवर आणलं आणि फरक त्याच दिवशी कळला. पंखा लावायचा तर कामगाराच्या पाठीमागून, धूर समोर त्या तोंडाकडे ढकलणारा. जस्त सगळ्यात शेवटी, बर्नर कमी करून, कोरडं आणि कोमट केलेलं, सांडशीनं धरून पितळाच्या आत बुडवायचं, वरून फेकायचं नाही. मुशीवर कोळशाच्या चुऱ्याचा थर ठेवायचा. आणि गरजेपेक्षा जास्त तापवायचं नाही. 'चांगलं पाणी व्हायला पाहिजे' म्हणून अर्धा तास बर्नर फोडत ठेवणारे मी खूप पाहिले.

मालक ऐकणार नाहीत म्हणाल, तर चार्ज, म्हणजे मुशीत घालायचा धातू, टाकताना वजन करायला सांगा आणि ओतलेल्या मालाचं, वर साचणाऱ्या मळीचं करायला सांगा. मधली तूट म्हणजे बहुतेक धूर होऊन गेलेलं जस्त, रोख पैशाचं. मालकाला खोकल्याची भाषा कळत नसली तरी वजनाची कळते.

आता तुम्ही जे विचारलं नाहीत ते. घंटा-समया ओतायला भंगार येतं जुन्या नळांचं, व्हॉल्व्हचं, लेथवरच्या चुऱ्याचं. लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्या पितळात शिसं घातलेलं असतं, शेकडा दोन-तीन तरी. शिशानं रात्री हुडहुडी भरत नाही. पोटात कळ येते, बद्धकोष्ठ होतं, रक्त कमी होतं, माणूस चिडका होतो, आणि हे सगळं वर्षानुवर्षं कशावर तरी दुसऱ्यावर खपतं. 1948 च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवायच्या आजारांची यादी होती, तीत पहिलं नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. तेव्हा डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. घरात लहान मूल असेल तर कारखान्यातच अंघोळ, कपडे तिथंच बदलायचे, आणि ते घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. भाकरी आणि बिडी हात साबणानं धुतल्यावरच.

ताप दोन दिवसांत उतरला नाही, छाती आवळली, धाप लागली तर वाट पाहू नका. दवाखान्यात 'ताप आलाय' एवढंच न सांगता 'पितळ ओततो, काल धूर घेतला' असं पहिल्या वाक्यात सांगा.

प्रश्न : आमच्याकडे चांदीचं काम चालतं. वडील सांधे जोडायला जुना, लवकर वितळणारा डाख वापरतात, त्याला केडीएम म्हणतात. परवा दुपारी खोली बंद करून काम केलं आणि रात्री कणकण आली. हा जस्ताच्या धुराचाच ताप असेल का?
— एक वाचक, हुपरी

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच दिवशी संपादकांना फोन करून तुम्हाला उलट निरोप द्यायला लावला, कारण हे अंकाची वाट पाहण्यासारखं नव्हतं. वडील बरे आहेत हे कळलं, बरं वाटलं.

केडीएम म्हणजे कॅडमियम. ते 321 अंशाला वितळतं आणि 767 ला उकळतं. डाख द्यायची ज्योत त्याच्या कितीतरी वर असते. सुरुवात अगदी जस्ताच्या तापासारखी, कणकण आणि घशात खवखव, आणि तिथंच माणूस फसतो. जस्ताचा ताप उतरतो. कॅडमियमनं एक-दोन दिवसांत फुफ्फुसात पाणी भरू शकतं आणि माणूस दगावतो. थोडं थोडं घेत राहिलं तर मूत्रपिंडं जातात. म्हणून या धुरानंतर कणकण आली की तडक दवाखाना, आणि डाखाचा तुकडा किंवा पाकीट बरोबर.

डाख बदला, एवढंच सांगेन. चांदी, तांबं, जस्त आणि थोडं कथील असा कॅडमियमविना डाख बाजारात मिळतो. थोडा जास्त तापवावा लागतो, वडील कुरकुर करतील, करू द्या.

प्रश्न : पावसाळ्यात भंगार भिजतं. वितळलेल्या धातूत टाकलं तर आपोआप वाळेलच ना?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : वाळेल, पण मूस रिकामी करून. पाण्याची वाफ झाली की जागा सुमारे 1,700 पट लागते, आणि ते थेंबभर पाणी धातूच्या खाली असेल तर वरचा धातू तुमच्या अंगावर येतो. बंद नळ, व्हॉल्व्ह, दोन्ही टोकं चेपलेली नळी यांच्या पोटात पाणी असतं, वरून कोरडं दिसतं. ते आधी कापा, नाहीतर भोक पाडा. लेडल, म्हणजे धातू ओतायचा पळा, आणि मळी काढायचा गजसुद्धा तापवल्याशिवाय आत घालायचा नाही.

आमच्या शॉपमध्ये उद्याचं भंगार रात्री भट्टीच्या कठड्यावर मांडून ठेवत. जागा ठरवली होती मांजरानं. ते जिथं झोपायचं तिथली वीट सकाळपर्यंत उबदार राहायची, म्हणून त्याला उठवून तिथंच माल मांडायचा. मांजर रोज संध्याकाळी आमच्याकडे असं बघायचं, की काही विचारू नका.