नाव घातलेली बॅटरी : वाचकांचे प्रश्न

दसरा-दिवाळी जवळ आली की भेटवस्तूंच्या शंका सुरू होतात. यंदा बऱ्याच जणांनी नाव कोरलेल्या बॅटऱ्यांबद्दल विचारलं आहे.

आमच्या दूध संस्थेचे 60 सभासद आहेत. दरवर्षी डबा नाहीतर टॉवेल देतो. यंदा दिवाळीला प्रत्येकाच्या नावाची बॅटरी द्यायची आहे. कुठली घ्यावी? नाव घालणाऱ्याला काय सांगावं?
– सचिव, निपाणी भाग

आधी बॅटरी ठरवा, नावाचं नंतर. तुमचे बहुतेक सभासद ती रात्रपाळीची थ्री फेज वीज आल्यावर मोटर चालू करायला नेणार. उसाच्या सरीतून, ओल्या हातानं, एका हातात खोरं धरून. लांबवर टोकदार झोत टाकणारी बॅटरी दुकानात भारी वाटते, पण बांधावरून चालताना पायापुढची चार पावलं दिसायला पसरट उजेड लागतो. घोणस असेल ती तिथेच असते. 300 ल्यूमेन (उजेडाचं माप) खरे असले तरी भरपूर झाले. बटण एक, उजेडाचे प्रकार दोन. पाच वेळा दाबल्यावर लुकलुकणारी बॅटरी वयस्क माणसाच्या हाती देऊ नये. आयपीएक्स हा पाण्यापासून बचावाचा दर्जा : आयपीएक्स4 म्हणजे नुसत्या शिंतोड्यांपासून बचाव. पाटात पडायची भीती असेल तर आयपीएक्स7 घ्या, ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवी.

चार्जिंगची घेणार असाल तर आतला सेल काढून बघा. 18650 नावाचा सेल 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब असतो, वजन 45 ग्रॅमच्या आसपास. त्यावर 9900 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलं असेल तर ते खोटं आहे. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये 3500 च्या आसपास मावतात. सोन्याच्या काट्यावर ठेवा, हलका भरला तर पूर्ण खोकं परत करा.

आता नाव. अंग काळ्या अ‍ॅनोडाइज्ड (वरचा थरच कठीण केलेल्या) अ‍ॅल्युमिनियमचं असावं आणि त्यावर किमान 50 मिलिमीटर लांबीचा गुळगुळीत भाग असावा. पकडीसाठी खाचा पाडलेल्या भागावर अक्षर फुटतं. बॅटरी गोल, नाव कोरणाऱ्या लेसरचा फोकस मात्र सपाट. त्यामुळे 24 मिलिमीटर जाडीच्या अंगावर मजकुराची उंची 10 मिलिमीटरच्या आत ठेवा. एवढ्या पट्ट्यात कडेला गोलाई सुमारे एक मिलिमीटरच उतरते आणि अक्षर सारखं उठतं. त्याहून मोठा मजकूर हवा असेल तर बॅटरी फिरवणारी रोटरी लागते. हिशोब असा : सभासदाचं नाव मात्रा-उकारांसकट 5 मिलिमीटर, मध्ये दीड, खाली संस्थेचं नाव 3. उलटं करू नका. संस्थेचं नाव ठळक आणि माणसाचं बारीक असेल तर ती भेट राहत नाही, जाहिरात होते.

क्लिप कुठे येते ते आधी बघा, नाहीतर नाव तिच्याखाली झाकलं जातं. सगळ्या बॅटऱ्यांवर काचेचं तोंड एकाच बाजूला ठेवून नाव घालायला सांगा. कोरण्याआधी सेल बाहेर काढायचे, याला अपवाद नाही. नाव घालायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं, पण लावणं, जुळवणं, पुसणं धरून एका नगाला तीन मिनिटं धरा. 60 नगांना तीन तास. चार नग जास्त घ्या, कारण चुकलेलं अक्षर खोडता येत नाही. पहिला नमुना हातात घेऊन, उन्हात बघून मगच पुढचे करायला लावा.

भांड्यावर नाव घालणाऱ्याकडून दोन बॅटऱ्यांवर नावं घालून घेतली. एकीवर अक्षर वेडंवाकडं आलं, दुसरीचा रंग वर्षात कडेनं सोलला. असं का?
– एक वाचक, खानापूर

लग्नाच्या भांड्यावर नाव घालायचं ते ठकठक करणारं पेन स्टीलच्या ताटाला ठीक. प्लॅस्टिकवर ते घसरतं, बॅटरीच्या पातळ नळीवर थरथरतं.

सोललेली दुसरी बॅटरी अ‍ॅनोडाइज्ड नव्हती, साधा रंग दिलेली होती. रंग हा वरचा थर असतो. तो खरवडून अक्षर काढलं की त्याची कड उघडी पडते, त्यात घाम आणि खानापूरचा पाऊस शिरतो आणि पापुद्रा सुटतो. अ‍ॅनोडायझिंग हा धातूचाच कठीण झालेला थर. फायबर लेसर त्यातला काळा रंग उडवतो आणि थर तसाच ठेवतो, म्हणून पांढरं अक्षर नखानं निघत नाही. घेताना झाकणाच्या आतल्या कडेला चाकूचं टोक हलकं ओढा. रंग असेल तर कुरळी साल निघते.

स्टीलच्या अंगावर लेसरनं काळं अक्षर येतं, पण कारागिरानं ताकद जास्त ठेवली तर स्टीलचा गंज रोखणारा थर जळतो आणि नेमक्या अक्षरांवर तांबडे ठिपके येतात. पीव्हीसी प्लॅस्टिकवर लेसर अजिबात मारू देऊ नका, त्यातून विषारी आम्लवायू निघतो.

निवृत्त होणाऱ्या गुरुजींसाठी ‘कृतज्ञतापूर्वक’ असं कोरायला दिलं. कागदावर बरोबर होतं, बॅटरीवर ‘ज्ञ’ फुटून आला आणि शिरोरेघेत पांढऱ्याऐवजी काळ्या फटी राहिल्या. दोष मशीनचा की कारागिराचा?
– शाळा समिती सदस्य, बेळगाव

दोन वेगळे दोष आहेत, आणि दोन्ही मशीन सुरू व्हायच्या आधीचे.

नाव घालायच्या कित्येक सॉफ्टवेअरना जोडाक्षर जुळवता येत नाही. तिथे सरळ मराठी टाइप केलं की ‘ज्ञ’ चा ‘ज्‌ञ’ होतो, ‘शिक्षक’मधली वेलांटी ‘श’च्या नंतर जाऊन बसते. जुन्या डीटीपी फॉन्टचा मजकूर दिला तर तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. म्हणून मजकूर कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून, कर्व्ह्ज करून (अक्षरांच्या नुसत्या रेषा करून), चित्र म्हणूनच द्यायचा.

फटींचं कारण त्यापुढचं. मराठी अक्षरांच्या शिरोरेघा फॉन्टमध्ये एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. छापताना ते दिसत नाही, शाईवर शाई पडते. लेसरचं सॉफ्टवेअर मात्र दोन बाह्यरेषांमधली जागा भरत जातं, आणि जिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढली तो तुकडा त्याला ‘बाहेरचा’ वाटतो. तेवढा भाग कोरा राहतो. उपाय सोपा आहे : कर्व्ह्ज केल्यावर सगळी अक्षरं निवडून वेल्ड करायची, म्हणजे एकजीव जोडायची, मग वायरफ्रेममध्ये (नुसत्या बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात) बघायचं. शिरोरेघ एका सलग चौकटीसारखी दिसली तर काम झालं. मध्ये छोटे चौकोन दिसले तर वेल्ड राहिलं आहे. क्रम चुकवू नका.

जाता जाता ‘ल’ आणि ‘श’ही तपासा. काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आणि गुरुजींच्या नजरेतून ते सुटणार नाहीत.

आमच्या सोसायटीत मराठी आणि कन्नड दोन्ही सभासद आहेत. प्रत्येक बॅटरीवर दोन्ही लिप्यांत नाव घालावं का?
– चिकोडी

नको, गर्दी होते. जो ज्या लिपीत सही करतो त्या लिपीत त्याचं नाव घाला. संस्थेचं नाव दोन्हीत हवं असेल तर दुसऱ्या बाजूला घ्या. कन्नडमधले ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खालचं अक्षर) ओळीखाली लोंबतात, त्यामुळे तिथे 3 नव्हे, 4 मिलिमीटर उंची धरा. नावं पासबुकावरून उतरवू नका, ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं कागदावर लिहून द्यावं.

मुलगा सैन्यात आहे. सुट्टीवरून विमानानं परत जाताना त्याला लिथियम सेलची बॅटरी देता येईल का?
– शहापूर

येईल. सुटे सेल हातातल्या बॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. सामानाच्या बॅगेत नाही. 2600 एमएएचचा सेल सुमारे 9.6 वॉट-तासांचा, मर्यादा 100 ची आहे. सेल आत असेल तर शेपटाकडचं झाकण अर्धा आटा सैल करा, बटण दाबलं तरी पेटणार नाही. पोस्टानं पाठवायची असेल तर साध्या पेन्सिल सेलवर चालणारी घ्या आणि सेल तिथेच विकत घ्यायला सांगा.

गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यकर्त्यांना दिलेल्या बॅटऱ्या यंदा गणपतीत काढल्या तर निम्म्या बंद. का?
– खानापूर

अल्कलाइन सेल आतच ठेवले असतील तर ते पाझरून स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमते. व्हिनेगर लावलेल्या कापडानं ती पुसून, कोरडी करून नवे सेल घाला. बऱ्याच बॅटऱ्या चालू होतील. आत शिशाची बॅटरी असलेली स्वस्त चार्जिंगवाली असेल तर ती बहुधा कायमची गेली. तिला वापर नसला तरी महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज लागतो. लिथियमची मात्र पूर्ण भरून ठेवू नका, निम्मी भरून ठेवा.