कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींच्या क्लबमध्ये बोलणं कशावर चालतं? नवख्याने जावं का?

तुम्ही विचारलंय की थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं, जुना पीसी खोलून पाहिलाय, एवढ्या भांडवलावर क्लबच्या बैठकीला गेलं तर चालेल का, आणि तिथे बोलतात तरी काय. बिनधास्त जा. तिथे बहुतेक वेळ बिघाडांवर बोलणं चालतं, आणि बिघाड तर तुमच्याकडेही असतीलच.

बाहेरून वाटतं की नवा प्रोसेसर, नवं ग्राफिक्स कार्ड हेच विषय असणार. ते निघतात, पण लवकर आटोपतात, कारण आकडे सगळ्यांनी आधीच वाचलेले असतात. घोळका जमतो तो न चालणाऱ्या वस्तूभोवती.

आमच्याकडे एकाने रास्पबेरी पाय (तळहाताएवढ्या बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर) आणला होता. एरवी तो व्यवस्थित चालायचा, पण यूएसबीला हार्ड डिस्क लावली की आपोआप रीस्टार्ट व्हायचा. लगेच निदानं सुरू. एक म्हणाला एसडी कार्ड गेलं, दुसरा म्हणाला तापतोय, पंखा लाव. तिसऱ्याने तर सगळी सिस्टिम नव्याने टाकायला सांगितलं (हा प्राणी प्रत्येक क्लबात असतो). कोपऱ्यातले एक काका तेवढं विचारते झाले, "केबल कुठली लावलीयस?" त्यांनी मल्टिमीटरच्या (व्होल्टेज, रोध मोजायच्या यंत्राच्या) पिना बोर्डवरच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडला टेकवल्या. डिस्क नसताना ५ च्या आसपास. डिस्क लावली, तिची मोटर फिरायला लागली आणि आकडा ४.५ वर आला. चार्जर धडधाकट होता; केबल लांब आणि आत तार बारीक. जाता-येता मिळून ०.२ ओहम रोध धरला तरी २ अँपिअरला ०.४ व्होल्ट केबलच खाते. ४.६३ व्होल्टच्या आसपास रास्पबेरी पाय स्क्रीनवर पिवळी वीज दाखवून इशारा देतो, पण या गृहस्थांनी स्क्रीन लावलेलाच नव्हता, सगळं नेटवर्कवरून चालायचं. आखूड, जाड केबल लावली आणि काम झालं. मग मोटर फिरायला लागताना करंट जास्त का लागतो, यावर चर्चा रंगली ती रंगलीच.

जुन्या मशिनवाल्यांचं टेबल वेगळं असतं, आणि मला विचाराल तर तिथेच बसा. ३८६-४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या काळातल्या कित्येक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी सोल्डरचा डाग देऊन बसवलेली असायची. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते आणि आतला अल्कली द्रव बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा खातो. उपाय ठरलेला: आधी बॅटरी काढून टाकायची, हिरवट थर पांढऱ्या व्हिनेगरने मारायचा, मग पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून प्रत्येक रेघ मल्टिमीटरच्या 'बीप'वर तपासायची (बीप वाजली म्हणजे रेघ अखंड). हे ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण मेलेल्या बोर्डवर पुन्हा अक्षरं उमटली की आख्खं टेबल उठून बघायला येतं. एक मात्र ध्यानात ठेवा: एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) झाकण उत्साहाच्या भरात उघडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

हल्ली भाषा-मॉडेल (चॅटजीपीटीसारख्या एआयच्या मागे असतं ते) घरच्या मशिनवर चालवणाऱ्यांचा गट वाढलाय. त्यांचं बोलणं फिरून फिरून मेमरीवर येतं. हिशोब साधा आहे. ७ अब्ज पॅरामीटर (मॉडेलने शिकून साठवलेले आकडे), प्रत्येकाला १६ बिट म्हणजे २ बाइट, झाले १४ जीबी. तेच ४ बिटांवर दाबून बसवलं की साडेतीन-चार जीबीत येतं, आणि जुनं ग्राफिक्स कार्डही कामाला लागतं. दाबल्याने उत्तरं किती बिघडतात यावर मात्र दोन माणसांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचं कुठलं डिस्ट्रो (म्हणजे कुठला अवतार) चांगलं, कोड लिहायला व्हिम एडिटर की इमॅक्स, ही भांडणं पूर्वापार चालत आलीयत. त्यात पडू नका, मजा बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला तेव्हापासून "विंडोज ११ न घेणाऱ्या लॅपटॉपचं काय करू" हा प्रश्नही सारखा येतो. त्यावर उत्तर बहुधा लिनक्स आणि एसएसडी असंच मिळतं. बॅकअपचा विषय निघाला की मात्र सगळे गंभीर होतात. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हे सगळ्यांना पाठ असतं. "त्या बॅकअपमधून फाइल परत काढून पाहिलीयस का कधी?" असं विचारलं की अर्धे लोक फोनमध्ये डोकं घालतात.

'मला काही कळणार नाही' या तुमच्या भीतीबद्दल. कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक ५ मार्च १९७५ ला मेन्लो पार्कमध्ये, गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये झाली. पुढे ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झालेला स्टीव्ह वॉझ्नियॅक तिथे गेला तो व्हिडिओ टर्मिनलवर बोलणं असेल असं समजून. प्रत्यक्षात सगळे अल्टेअर ८८०० या घरी जोडायच्या नव्या कॉम्प्युटरबद्दल बोलत होते आणि आपण इथे उपरे आहोत असं त्याला वाटलं, हे त्याने स्वतःच सांगितलंय. घरी मात्र तो एका मायक्रोप्रोसेसरची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) घेऊन गेला. पुढे ॲपल-१ या ॲपलच्या पहिल्या कॉम्प्युटरचा आराखडा त्याने याच क्लबात लोकांना फुकट वाटला. तिथली एक पद्धत मला फार आवडते: सुरुवातीला ज्याला जे हवंय किंवा जे दाखवायचंय ते त्याने थोडक्यात सांगायचं, मग बैठक मोडून ज्याने त्याने आपापला माणूस गाठायचा. तुमच्या क्लबात अशी फेरी नसेल तर चहापानाची वाट न बघता आयोजकाच्या कानावर तुमची अडचण घाला, तो योग्य माणसाकडे पाठवतो.

जाताना "कुठला लॅपटॉप घेऊ" हा प्रश्न नेऊ नका, त्याला दहा उत्तरं मिळतात आणि दहाही उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपची असतात. अडलेली वस्तू न्या. जमल्यास तिची नेहमीची केबल आणि चार्जरसकट न्या. आधी चालत होतं का, मग काय बदललं, हे आठवून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येणार. वस्तू नेणं शक्य नसेल तर एररचा फोटो चालेल, फक्त तो पूर्ण घ्या. कामाची ओळ बऱ्याचदा वरच असते आणि लोक नेमकी तीच कापतात.